आग रामेश्वरी, एरर सोमेश्वरी

एखादं सॉफ्टवेअर बिल्ड होता होता फुटलं, की पडद्यावरून शेकडो ओळी सरसर निघून जातात आणि शेवटची एक तेवढी उभी राहते. समोर बसलेला इंजिनीअर साहजिकच तिलाच धरतो, कारण बाकीच्या पळालेल्या असतात. पण या शेवटच्या ओळीत बोलतं कोण, हे पाहण्यासारखं आहे. 'मेक' असेल तर तो तीन चांदण्या काढून 'एरर 1' किंवा 'एरर 2' म्हणतो. ज्याला काम सांगितलं होतं तो अपयशी होऊन परत आला, यापलीकडे त्याला काही ठाऊक नसतं. 'कलेक्ट-टू' कळवतो की एलडी नावाच्या लिंकरने 1 हा आकडा परत दिला. 'निंजा' सांगतो की हाताखालची एक आज्ञा फसली, सबब मी थांबलो. पायथनचा 'पिप' या सगळ्यांत मुरलेला. तो आधी पानभर लाल मजकूर ओततो आणि मग अत्यंत सभ्यपणे टीप जोडतो, की ही एरर एका सबप्रोसेसमधून आलेली असून दोष बहुधा पिपचा नाही. यातलं खोटं कोणीच बोलत नाही. प्रत्येकाने फक्त आपापले हात धुऊन घेतलेले असतात, आणि ज्याला सर्वांत कमी माहिती आहे त्याला बोलायची संधी सर्वांत शेवटी मिळालेली असते.

सबंध प्रकल्प एकाच भाषेत असेल तर ही नुसती गैरसोय. थोडं वर गेलं की दोषी फाइल ओळ क्रमांकासकट सापडते. प्रकल्पात दोन-तीन भाषा एकत्र नांदायला लागल्या की मात्र प्रकरण बदलतं. माझं म्हणणं असं, की मिश्रभाषी प्रकल्पातली बिल्ड एरर बहुतेक वेळा कोणत्याही एका भाषेतली चूक नसतेच. ती दोन भाषांच्या सांध्यात असते. त्या सांध्याला मालक नसतो, आणि बिनमालकाच्या जागेतली तक्रार शेजारच्याच्या नावावर नोंदवली जाते. म्हणून संदेशावर विसंबून दुरुस्तीला निघालेला माणूस आग नसलेल्या गावी बंब घेऊन पोचतो, पाणी मारतो, सगळं ओलं करतो, आणि परत येऊन पाहतो तर एरर तीच.

मुळात भाषा मिसळायच्याच कशाला, ही कोणा हौशी माणसाची खोड असणार, असा एक समज आहे. तो चूक आहे. पायथनमध्ये चार ओळी लिहून समीकरणं सोडवणाऱ्या विद्यार्थ्याला वाटतं आपण पायथन वापरतोय. त्याचा 'सायपाय' आतून सी, सी++ आणि फोरट्रान यांच्या खांद्यावर उभा असतो, आणि समीकरणं प्रत्यक्षात सोडवते ती 1992 साली बाहेर आलेली 'लॅपॅक' ही लायब्ररी. ती मूळची फोरट्रान 77 मधली. त्या भाषेच्या प्रमाणात नावाला सहाच अक्षरं मंजूर होती, म्हणून समीकरणं सोडवणाऱ्या रुटीनचं नाव 'डीजीईएसव्ही' असं मोटारीच्या नंबरप्लेटला शोभेलसं आहे. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथे 2018 साली 'प्रत्युष' आणि 2024 साली 'अर्क' हे महासंगणक आले. असल्या यंत्रांवर चालणारी हवामानाची प्रतिमानं मुख्यतः फोरट्रानमध्येच असतात. जगभर वापरलं जाणारं 'वर्फ' हे अमेरिकन प्रतिमान घ्या. त्याचा गाभा फोरट्रानचा. त्यातला बराच फोरट्रान तयार करून देणारा प्रोग्राम सीचा. पारंपरिक पद्धतीने कॉन्फिगर करायला पर्ल लागते. आणि 'कंपाईल' नावाची स्क्रिप्ट सी-शेलमध्ये. सी-शेल नसलेल्या लिनक्सवर ती चालवली की 'अशी फाइल नाही' असा निरोप येतो. फाइल तर समोर ढळढळीत दिसत असते! जी नाही ती सी-शेल, आणि तिचं नाव त्याच ओळीत मधोमध लिहिलेलं असतं. पण ओळीचा शेवट वाचायची सवय लागलेल्याला मध्य दिसत नाही. पाऊस येणार की नाही हे सांगण्याआधी माणसाला इतक्या भाषांची मनधरणी करावी लागते, हे वेधशाळेवर विनोद करणाऱ्यांनी लक्षात ठेवलेलं बरं.

सांधा जुळवण्याचं काम करतो लिंकर. प्रत्येक भाषेचा कंपायलर आपापलं काम उरकून ऑब्जेक्ट फाइल टाकून मोकळा होतो. मग लिंकर येऊन कोणाला कोण हवंय आणि कोण कोणाकडे आहे याची जुळणी करतो. गंमत अशी, की त्याला सी, सी++, फोरट्रान यातलं काही येत नाही. तो नाव बघतो. अक्षरन् अक्षर जुळलं तर गाठ मारतो, नाहीतर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणतो. आता नावांची कथा ऐका. 'जीफोरट्रान' हा फोरट्रानचा कंपायलर सगळी अक्षरं लहान करून नावाच्या शेपटाला एक अंडरस्कोर लावतो. जुना जी77 नावात आधीच अंडरस्कोर असेल तर शेवटी दोन लावायचा. विंडोजवर इंटेलचा फोरट्रान सगळी अक्षरं मोठी करतो. सी++ तर नावात आर्ग्युमेंटच्या जातीही कोंबतो: आधी अंडरस्कोर आणि झेड, मग नावात किती अक्षरं आहेत तो आकडा, मग नाव, मग एकेका आर्ग्युमेंटची खूण. त्यामुळे डीजीईएसव्ही हवं म्हणणारा सी++ आणि डीजीईएसव्ही देऊ करणारा फोरट्रान शेजारी बसलेले असूनही एकमेकांना ओळखत नाहीत.

अशा वेळी संदेशावर विश्वास ठेवणारा माणूस काय करतो? 'सापडत नाही' असं म्हटलंय म्हणजे लायब्ररी नसणार, असं समजून तो ती पुन्हा इन्स्टॉल करतो. मग काढून पुन्हा टाकतो. मग दुसऱ्या फोल्डरात टाकतो. काखेत कळसा असतोच. त्याऐवजी लायब्ररीवर 'एनएम' ही आज्ञा चालवली तर आतल्या नावांची यादी येते. जे नाव तिथे खरोखर आहे त्याच्या पुढे मोठा टी, जे बाहेरून हवंय त्याच्या पुढे मोठा यू. आपल्या ऑब्जेक्ट फाइलमधलं यूचं नाव आणि लायब्ररीतलं टीचं नाव एकाखाली एक धरायचं. फरक बहुधा एका अंडरस्कोरचा निघतो, किंवा सी++ने चिकटवलेल्या शेपटाचा. 'एक्स्टर्न सी' एवढं लिहून ते शेपूट कापता येतं. दोन्ही नावं अगदी हुबेहूब जुळली तर मग क्रम बघायचा. स्टॅटिक लायब्ररींच्या बाबतीत लिंकर आज्ञा डावीकडून उजवीकडे वाचतो आणि सहसा मागे वळून बघत नाही. मागणाऱ्याचं नाव आधी आणि देणाऱ्याचं नंतर, हा शिष्टाचार मोडला की देणारा हजर असून गैरहजर ठरतो.

संदेश भलतीकडे बोट दाखवतो याचे याहून बहारदार नमुने आहेत. पायथन 2.7 च्या काळात विंडोजवर एखादं पॅकेज टाकायला गेलं की 'व्हीसीव्हार्सऑल डॉट बॅट सापडत नाही' असा ठेवणीतला निरोप यायचा. एका पिढीने ही फाइल शोधण्यात संध्याकाळी घालवल्या. ती बिचारी व्हिज्युअल स्टुडिओची वातावरण मांडून देणारी छोटीशी स्क्रिप्ट. एकटी मिळून तिचा काडीचा उपयोग नव्हता. म्हणायचं होतं ते इतकंच, की या यंत्रावर सीचा योग्य कंपायलर नाही. सायपायसारख्या पॅकेजला वर फोरट्रानचा कंपायलरही हवा, आणि तो व्हिज्युअल स्टुडिओच्या पेटीत येत नाही. सायपायचं विंडोजसाठीचं तयार पॅकेज अधिकृतपणे आलं ते 2017 साली, 1.0 या आवृत्तीसोबत. दुसरा नमुना 2021 च्या फेब्रुवारीतला. पायथनच्या 'क्रिप्टोग्राफी' या पॅकेजने 3.4 आवृत्तीत रस्ट ही भाषा आत घेतली आणि अनेकांच्या यंत्रांवर रस्टचा कंपायलर नसल्याच्या एररी झळकल्या. लोकांनी रस्टला शिव्या घातल्या, काहींनी इमानाने रस्ट इन्स्टॉल केली. बहुतेकांचं दुखणं इतकंच होतं की त्यांचा पिप जुना होता. जुन्या पिपला नव्या धाटणीचं तयार पॅकेज ओळखता येत नव्हतं, म्हणून तो सोर्स उतरवून घरीच कंपाईल करायला बसायचा. उपाय होता पिप अपडेट करण्याचा. आणि हा तोच पिप, जो दोष बहुधा आपला नाही असं पुढे लिहून देऊ लागला!

यावर एखादा वाचक म्हणेल, की हे सगळं भोंगळ संदेश लिहिणाऱ्यांचं पाप आहे. भाषांच्या सांध्याला कशाला बोल लावता? मला वाटतं इथेच थोडं थांबायला हवं, कारण याच सांध्यांवर काही संदेश अगदी चोख असतात. वर्फ बिल्ड करताना 'नेटसीडीएफ' ही लायब्ररी एका जीफोरट्रानने आणि वर्फ दुसऱ्याने कंपाईल केलं, तर कधीकधी कंपायलर स्वच्छ सांगतो: नेटसीडीएफची मॉड फाइल वाचता येत नाही, कारण ती जीफोरट्रानच्या वेगळ्या व्हर्जनने तयार केलेली आहे. निदान आणि कारण एकाच वाक्यात. हे कसं जमलं? मॉड फाइलमध्ये तिच्या स्वरूपाचा आकडा लिहून ठेवलेला असतो आणि वाचणारा तो तपासतो, म्हणून. जिथे कराराची नोंद आहे तिथे करार कोणी मोडला हे सांगता येतं. बहुतेक सांध्यांवर करार असतो पण नोंद नसते.

लग्न ठरलं की आपल्याकडे दोन्ही घरची मंडळी याद्या करायला बसतात. वरपक्षाने काय, वधूपक्षाने काय, मानपानाचं कसं, हॉलचं भाडं कोणाकडे, सगळं कागदावर येतं आणि खाली सह्या होतात. कटकटीचं असतं; पण ज्या घरांनी 'आपल्यात कसल्या याद्या' म्हणून हा कार्यक्रम टाळलेला असतो तिथे मांडवात काय होतं हे वेगळं सांगायला नको. सी आणि फोरट्रान यांनी कित्येक दशकं याद्यांविना संसार केला. आर्ग्युमेंट कोणत्या क्रमाने, किंमत द्यायची की पत्ता, मॅट्रिक्स आडवं वाचायचं की उभं, मजकुराची लांबी कोणी सांगायची, हे सगळं 'चालत आलंय तसं' या तत्त्वावर. फोरट्रान 2003 च्या प्रमाणात सीशी लेखी व्यवहार करायची रीतसर सोय झाली. पण तोवर गोतावळा इतका वाढला होता की जुन्या नात्यांचे कागद करायला कोण बसणार?

2019 साली यातूनच मांडवात एक भांडण उभं राहिलं. लॅपॅकच्या अनेक रुटीनना एकेका अक्षराची चिठ्ठी द्यावी लागते; मॅट्रिक्सचा वरचा त्रिकोण घ्यायचा असेल तर 'यू', खालचा असेल तर 'एल'. फोरट्रानच्या हिशेबी हा मजकूर, आणि मजकूर म्हटला की जीफोरट्रान त्याची लांबी आर्ग्युमेंटच्या रांगेच्या अगदी शेवटी गुपचूप जोडतो. सीवाल्यांनी ही लांबी वर्षानुवर्षं पाठवलीच नव्हती. एकच अक्षर आहे, लांबी एक, विचारतंय कोण? आणि खरोखर कोणी विचारलं नाही. मग जीफोरट्रान ज्या कंपायलरसंचात येतो त्या 'जीसीसी'च्या नव्या आवृत्त्यांतला ऑप्टिमायझर हुशार झाला. एका रुटीनने शेवटी दुसऱ्याला हाक मारली की पहिल्याचीच जागा तो पुन्हा वापरू लागला, आणि त्या लांबीसाठी हाक मारणाऱ्याने जागा राखली असणारच असं धरून तिथे बिनदिक्कत लिहू लागला. जागा कोणी राखलेलीच नव्हती. तिथे भलत्याचाच माल ठेवलेला होता. संख्याशास्त्रज्ञांचा 'आर' कोलमडायला लागला आणि मग महिनाभर वाद: नियम तर पहिल्यापासून होता असं कंपायलरवाल्यांचं म्हणणं, आणि इतकी वर्षं चालत होतं असं बाकीच्या जगाचं. दोघंही बरोबर होते. शेवटी जीसीसीने जुन्या मंडळींना सांभाळून घेणारी एक वेगळी तोड काढली आणि आरवाल्यांनी आपल्या हाका दुरुस्त करायला घेतल्या. यात फोरट्रानची चूक कोणती आणि सीची कोणती हे सांगून दाखवा. प्रत्येक फाइल आपापल्या जागी निर्दोष होती.

इथे लक्षात येईल की या प्रकरणात बिल्ड फुटलंच नव्हतं. नावं जुळली, लिंकरने गाठ मारली, सगळं हिरवं. म्हणून माझ्या मूळ म्हणण्याला आणखी एक पोटकलम जोडतो: सांध्यातला बिघाड एरर होऊन वर आला तर तो उपकार समजावा. जीसीसीच्या कर्त्यांनी हा उपकार एकदा जाणूनबुजून केला. 2015 साली जीसीसी 5 आला तेव्हा सी++च्या नव्या प्रमाणामुळे 'स्ट्रिंग' या नेहमीच्या गोष्टीची आतली रचना बदलावी लागली. बाहेरून नाव तेच, आतून घर वेगळं. जुन्या आणि नव्या फाइल नकळत एकत्र आल्या असत्या तर हाहाकार झाला असता. म्हणून नव्या स्ट्रिंगच्या लिंकरला दिसणाऱ्या नावात त्यांनी 'सीएक्सएक्स-11' अशी खूण घातली. तेव्हापासून 'अनडिफाइन्ड रेफरन्स'च्या लांबलचक ओळीत ही खूण दिसली की ओळखायचं: लायब्ररी हरवलेली नाही, दोघांपैकी एक जुन्या रीतीने कंपाईल झालाय. 'पायटॉर्च' या पायथनच्या लायब्ररीची लिनक्सवरची तयार पॅकेजेस कित्येक वर्षं जुन्याच रीतीची होती, त्यामुळे त्याला आपलं सी++ जोडणाऱ्या प्रत्येकाला या खुणेचं दर्शन कधी ना कधी घडलेलं आहे. लोक तिला वैतागतात. वास्तविक ही खूण नसती तर प्रोग्राम सुखाने बिल्ड झाला असता आणि गिऱ्हाइकाच्या यंत्रावर कोसळला असता.

न फुटणारी बिल्डं काय करतात त्याचे दोनच दाखले देतो. सी मॅट्रिक्स आडव्या ओळींनी ठेवते, फोरट्रान उभ्या स्तंभांनी. एकाने दिलेलं दुसऱ्याने वाचलं की ते आपोआप आडव्याचं उभं होतं. लिंकरला याचा पत्ता नाही. टेस्ट लिहिणारा मात्र सवयीने सोपं, कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखं असलेलं मॅट्रिक्स घेतो, आणि ते उलटं केलं तरी तेच राहतं. टेस्ट पास! दुसरा दाखला पूर्णांकांचा. हाक मारणारा 64 बिटांचा आकडा पाठवतो, लायब्ररी 32 बिटांचा वाचते. आपल्या नेहमीच्या यंत्रांत आकड्याचा लहान अर्धा भाग आधी ठेवलेला असतो, त्यामुळे आकडे बेताचे आहेत तोवर लायब्ररी बरोबर वाचते आणि समीकरणाचं उत्तरही बरोबर येतं. लायब्ररीने परत दिलेली पूर्णांकांची यादी कोणी उघडून पाहिलीच, तर तिथे दोन-दोन आकडे एकमेकांना चिकटून एक अवाढव्य संख्या झालेली असते. पण उत्तर आल्यावर यादी बघतो कोण?

आता आक्षेपांकडे. सर्वांत जोरदार आक्षेप असा, की मग हा मिश्रविवाह हवाच कशाला, सगळं एका भाषेत लिहा. सल्ला चांगला आहे आणि काही ठिकाणी तो पाळलाही जातोय. सायपायमधला जुना फोरट्रान हळूहळू सीमध्ये उतरवला जातो आहे. पण या वाटेने किती पुढे जाता येतं ते पाहा. ज्याने निश्चयाने सगळं रस्टमध्ये लिहिलं, सीचं एक अक्षर जवळ येऊ दिलं नाही, त्याने कोऱ्या लिनक्सवर पहिलं बिल्ड केलं की एरर येते, 'लिंकर सीसी सापडत नाही'. सीसी म्हणजे सीचा कंपायलर! विंडोजवर त्याला मायक्रोसॉफ्टच्या सी++ साधनांमधला लिंकर मागितला जातो. ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलायचं तर बहुतेक ठिकाणी सीच्या रीतीने बोलावं लागतं. एकभाषी प्रकल्प म्हणून जो मिरवतो, त्याचे दुभाषे बहुधा तळघरात बसलेले असतात.

दुसरा आक्षेप कंटेनरवाल्यांचा. डॉकरची इमेज घ्या, कोंडाचं वातावरण घ्या, नाहीतर व्हील, म्हणजे तयार पॅकेज, उतरवा. स्वतः बिल्ड करतंय कोण? बरोबर आहे, आणि रोजच्या कामाला हाच मार्ग शहाणपणाचा. पण त्या इमेजमध्ये कोणीतरी सगळ्या भाषांची व्हर्जनं एकदा जुळवून गोठवलेली असतात, म्हणजे याद्या कोणीतरी केलेल्याच असतात. त्या थंडगार पेटीत आपण बाहेरून आणखी एक पॅकेज टाकलं, कोंडाच्या घरात पिपची पाहुणी आणून बसवली, की गोठलेलं वितळायला लागतं आणि आपण होतो तिथेच.

तिसरा आक्षेप अलीकडचा. एरर कॉपी करून एआयला विचारावं, लगेच आज्ञा मिळते. मिळते खरी. पण त्याला आपण दिलेली असते ती तीच शेवटची ओळ, आणि उत्तर त्या ओळीपुरतं येतं. या झटपट उपायांचा इतिहास एआयच्या आधीपासूनचा आहे. 'लिबजीफोरट्रान डॉट एसओ डॉट 3' सापडत नाही अशी एरर आली, यंत्रावर तीच लायब्ररी 5 या आकड्याची आहे, मग 5 लाच 3 च्या नावाचा दुवा करून द्या, हा सल्ला कित्येकांनी घेतलाय. हा आकडा मुद्दाम बदललेला असतो. जीसीसी 7 ला 3 चा 4 झाला आणि 8 ला 4 चा 5, ते आतला करार मोडला हे सांगण्यासाठीच. पाटी बदलून आतला माणूस बदलत नाही. जीसीसी 10 ने 2020 साली असाच आणखी एक शिस्तीचा बडगा उगारला. एकाच फाइलमध्ये एकाच रुटीनला एकदा पूर्णांक आणि एकदा अपूर्णांक देणारा जुना फोरट्रान त्याने नाकारायला सुरुवात केली. जगातल्या जुन्या हवामान आणि भौतिकशास्त्राच्या कोडमध्ये हे सर्रास असतं. लगोलग 'आर्ग्युमेंट मिसमॅच चालू द्या' असा फ्लॅग लावायचा उपाय घरोघर पोचला. तो फ्लॅग अधिकृत आहे, बहुतेक वेळा निरुपद्रवीही आहे. पण दहापैकी एखाद्या जागी ती खरीखुरी चूक असते, आणि फ्लॅग सगळ्यांनाच तोंड बंद ठेवायला सांगतो.

संदेश सुधारण्याचं काम मात्र खरोखर चाललेलं आहे, हे मान्य करायला हवं. जीसीसीला लिंक करतानाच सबंध प्रोग्रामचं ऑप्टिमायझेशन करायला सांगितलं तर तो एका भाषेतली घोषणा आणि दुसऱ्या भाषेतली व्याख्या समोरासमोर ठेवून जाती जुळत नसल्याचा इशारा देतो. आरची पॅकेजेस सांभाळणारे ही तपासणी वेगळी करतात. पण हे इशारे आहेत, एररी नाहीत, आणि बिल्ड हिरवं असताना इशारे वाचणारा माणूस दुर्मीळ.

मग फुटलेल्या बिल्डपुढे करायचं काय? आधी समांतर कामं बंद करा. आठ कामं एकदम चालू असताना एक फुटलं की मेक बाकीच्या सात जणांचं आवरेपर्यंत थांबतो आणि त्यांची निरर्थक बडबड खऱ्या एररच्या डोक्यावर जमा होते. एकेक काम चालवलं की पहिली एरर जागेवर सापडते. पहिली एरर महत्त्वाची, बाकीच्या बहुधा तिची पोरं. मग ती कोणी म्हटली ते पाहा: कंपायलरने, लिंकरने, की बिल्ड झाल्यावर प्रोग्राम चालू करताना लायब्ररी शोधणाऱ्या लोडरने. कंपायलर बोलला तर भाषेत बघा, लिंकर बोलला तर नावांत आणि क्रमात, लोडर बोलला तर व्हर्जनांत. आणि कोणत्याही दोन भाषांमध्ये कोणता कंपायलर, कोणतं व्हर्जन, किती बिटांचे पूर्णांक, हे एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून प्रकल्पाच्या वरच्या फोल्डरात ठेवा. त्यात काही हुशारी नाही आणि म्हणूनच ते कोणी करत नाही.

शेवटी एक विनंती, मदत मागणाऱ्या समस्तांना. एखाद्या जाणत्या मित्राला रात्री साडेअकराला एरर पाठवायची झालीच, तर मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो पाठवू नका, ज्यात शेवटच्या तीन ओळी आणि अर्धा चहाचा कप दिसतो. सगळा लॉग फाइलमध्ये घ्या, पहिल्या ओळीपासून, आणि ती फाइल पाठवा. लॉग मोठा आहे म्हणून संकोच नको. वाचणारा वरून वाचायला लागतो, आणि बहुतेक वेळा त्याला खालपर्यंत यावंच लागत नाही.